दोनशे ग्रॅम चुका

मी एक जुना तराजू आहे.

मित्रांनो, हे वाक्य खरे आहे, पण अर्धे आहे. अर्धे बोलणे तराजूला शोभत नाही. पुन्हा सांगतो.

मी एक जुना तराजू आहे आणि माझ्यामुळे एक आई सतरा दिवस स्वतःला उणी समजत राहिली.

आता दोन्ही पारडी भरली. आता पुढे बोलता येईल.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्यासारखा तराजू पाहिलाही नसेल. तुमच्या दुकानात एक चपटे यंत्र असते. त्यावर काही ठेवले की लाल आकडे पळू लागतात. मी तसा नाही. मी वरून टांगलेला असतो. मला एक लोखंडी दांडी आहे. दांडीच्या मधोमध एक काटा आहे. दोन्ही टोकांना तीन तीन साखळ्या आणि साखळ्यांत एकेक पारडे. डाव्यात माल, उजव्यात वजने. काटा सरळ उभा राहिला की दोन्ही बाजू सारख्या. मला एवढेच कळते. पण एवढे तरी नक्की कळते, असा मला फार गर्व होता.

मला एका लोहाराने घडवले. दांडी तयार झाल्यावर त्याने ती बोटाच्या टोकावर तोलून धरली. जी बाजू खाली गेली, तिच्यावर त्याने कानस फिरवली. पुन्हा धरली, पुन्हा घासली. कमी असलेल्या बाजूला तो काहीच म्हणाला नाही. हे मला पुढे पुष्कळदा आठवले.

तिथून मी एका खिळे-मोळ्यांच्या दुकानात आलो. स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, तारांची भेंडोळी, आणि चुका. हसू नका. बारीक, चपट्या डोक्याच्या खिळ्यांना चुका म्हणतात. चपला शिवणारे आणि खुर्च्यांना कापड ठोकणारे कारागीर त्या किलोकिलोने नेत. कुणी आत येऊन म्हणाले, "शेठ, पाव किलो चुका द्या," की आमचे दुकानदार चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "घ्या की. आमच्याकडे चुका तोलून मिळतात, माफी फुकट!"

दिवसातून तीनदा, चाळीस वर्षे, हाच विनोद. गिऱ्हाइके हसत. हसली नाहीत तर ते स्वतः हसत.

पण तोलताना ते हसत नसत. माल घालण्याआधी ते दरवेळी मला रिकामा उचलत, एक डोळा मिटत, काटा बघत आणि पुटपुटत, "आधी रिकामा काटा, मग माल." मंत्र म्हणावा तसे.

एकदा फळीवरून ऐरण घसरली ती थेट माझ्या डाव्या पारड्यात पडली. पितळेचे पारडे तडकले. त्या मापाचे नवे पितळी मिळेना, म्हणून ॲल्युमिनियमचे बसवले. ते हलके निघाले. मी रिकामाच वाकडा लटकू लागलो. तेव्हा दुकानदारांनी एका काळ्या चिंधीत चुका भरायला सुरुवात केली. एकेक मूठ घालत गेले, काटा सरळ झाला तिथे थांबले. बरोबर दोनशे ग्रॅम भरल्या. ती पुरचुंडी त्यांनी हलक्या पारड्याच्या तळाला घट्ट बांधली.

ह्याला पासंग म्हणतात. तुम्ही मोठ्या माणसांच्या तोंडी ऐकले असेल, 'अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही.' म्हणजे पासंग ही जगातली अगदी क्षुल्लक वस्तू. मलाही तसेच वाटे. शिवाय लाज वाटे. आणि मला वाटे त्याहून जास्त दुकानदारांना वाटे. "गिऱ्हाइकाला पासंग दिसला की त्याला चोरी दिसते," असे म्हणून ते पारडे नेहमी त्याची खालची बाजू भिंतीकडे राहील असे धरत. त्या पुरचुंडीमुळेच मी खरे बोलत होतो. पण आम्ही दोघांनी आमचा खरेपणा चोरीच्या मालासारखा लपवला. त्यांनी तो कुणालाच सांगितला नाही. मुलालासुद्धा नाही.

मग चपटे यंत्र आले. मी मागच्या भिंतीवर गेलो. मग दुकानही गेले, तिथे दुसऱ्या कुणी कपड्यांचे दुकान काढले. दुकानदार वरच्या मजल्यावर राहतच होते, तिथे मला पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. माळ्यावर वजन नसते. धूळ असते.

आता ती.

तिचे नाव मी सांगणार नाही. तिचा माझ्यावर उपकार आहे आणि मी तिच्यावर अपकार केला आहे, म्हणून. ती दुकानदारांची सून. बसच्या आगारात वेळापत्रके बनवते. कोणती बस किती वाजून किती मिनिटांनी सुटेल, ह्याचे तक्ते आखते. आकड्यावर तिचा विश्वास होता. माणूस उशिरा येतो, आकडा येत नाही, असे ती म्हणे. तिचा नवरा एका मोठ्या लाँड्रीत पाळीचा प्रमुख आहे. दिवसाला दोन हजार चादरी धुतो आणि घरी येऊनही त्याचे हात थांबत नाहीत.

त्यांना मुलगी झाली. जन्मतः बरोबर तीन किलो. आजोबांनी (आता दुकानदारांना आजोबाच म्हणायला हवे) तिला पाहिले आणि म्हणाले, "अरे, ही तर टाचणी!" तेच नाव चिकटले.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितले होते, आठवड्यातून एकदा वजन बघत जा. पण दवाखाना लांब, जिना उंच आणि सुनेचे टाके अजून ओले. आजोबा म्हणाले, "आपला तराजू आहे की माळ्यावर! सोन्यासारखा तराजू." हे ऐकून पोत्यातल्या पोत्यात माझी दांडी शहारली.

मला मुला-सुनेच्या खोलीतल्या एका रिकाम्या हुकाला टांगले, गादीपासून वीतभर उंच. आजोबा खोलीत येत नसत. सून बाळाला पाजते, आपण कशाला मध्ये, म्हणून ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसत.

"आधी रिकामा काटा बघितलास का रे?" त्यांनी बाहेरून विचारले.

"बघितला, बाबा. सरळ आहे."

"मग घाल माल."

"बाबा! माल काय?" आतून सून म्हणाली.

"बरं, मालकीणबाईंना घाला."

दोन सारखे टॉवेल तिने आधीच काढून ठेवले होते. एक डाव्या पारड्यात, एक उजव्यात, म्हणजे टॉवेलचे वजन टॉवेलने फिटले. कल्पना तिची. मी मनात म्हटले, ही बाई आपल्या जातीची आहे. मग तिने टाचणीला माझ्या डाव्या पारड्यात ठेवले.

मित्रांनो, चाळीस वर्षे त्या जागी लोखंड पडत होते. लोखंड पडते तेव्हा आवाज होतो. ही ठेवली गेली तेव्हा आवाज झाला नाही. फक्त एक ऊब साखळ्यांवरून वर चढत गेली. तिने एक पाय ताणला आणि मी, एवढा जुना, एवढा वजनदार तराजू, हलकेच झुललो.

तीन किलो दोनशे.

तिने भिंतीवर तक्ता चिकटवला होता, बसच्या तक्त्यासारखाच, रेघा मारलेला. त्यात तिने लिहिले:

*सोमवार १. तीन किलो दोनशे. वेळेवर.*

'वेळेवर' हा शब्द लिहिताना ती स्वतःशी हसली. वजने जड होती आणि तिने उचलू नयेत म्हणून नवरा म्हणाला, "राहू दे पारड्यातच. पुढच्या सोमवारी लागणारच आहेत." ती तशीच राहिली. उजवे पारडे वजनांनी खाली, गादीवर टेकलेले. डावे वर.

रविवार. तिच्या नवऱ्याने माझे डावे पारडे काढले, धुतले आणि परत लावले.

झाले. पुढे चला.

नाही.

पुढे जाता येत नाही, मित्रांनो. रविवार पुन्हा सांगतो.

रविवार. सकाळ. तो दोन्ही बाह्या वर सरसावून आला आणि म्हणाला, "ह्या पारड्यात माझी पोरगी झोपते आणि ह्यात कुणी काय काय तोललंय देव जाणे. उकळत्या पाण्याने धुतो."

"धू बाबा. तुझा हात कोण धरणार? परवा तू माझी चप्पल धुतलीस," ती म्हणाली. ती टाचणीच्या पाठीवर थोपटत होती, ढेकर यावा म्हणून.

त्याने पारडे उलटे केले. "ए, हे बघ खाली काय आहे! काळं चिंधूक. आत कायतरी खुळखुळतंय. उंदरानं पोरं घातलेली असतील."

"शी! काढ ते आधी!"

आणि त्याने कात्रीने दोरा कापला. पुरचुंडी जिन्याखालच्या मोडक्या खिळ्यांच्या डब्यात गेली. पारडे पांढरे स्वच्छ होऊन, टॉवेलने पुसून, उन्हात वाळून परत आले.

आता ते, जे मी मघाशी गाळले.

मला आनंद झाला.

किती वर्षांनी माझ्या तळाशी ती लाज लोंबकळत नव्हती. मी चकाकत होतो. मी हलका होतो. मला वाटले, आता मी अस्सल तराजू झालो. ज्या क्षणी मी खोटा झालो, त्याच क्षणी मला सर्वांत जास्त खरे झाल्यासारखे वाटले. ओरडता आले असते तरी मी त्या दिवशी ओरडलो नसतो.

हे सांगायचे होते. सांगितले.

वजने उजव्या पारड्यात तशीच पडून होती. रिकामा काटा बघायचे कुणाच्याच ध्यानात आले नाही.

*सोमवार २. तीन किलो दोनशे.*

तिने वजने काढली, घातली, पुन्हा पाहिले. पुन्हा तेच.

"एवढंच?" ती म्हणाली.

"अगं, ती हलतीये ना, म्हणून," नवरा म्हणाला.

"हलल्याने वजन कमी होत नाही. आठ दिवस. आठ दिवसांत एक ग्रॅम नाही. गाडी जागची हललीच नाही."

टाचणी खरे म्हणजे तीन किलो चारशेची होती. दोनशे ग्रॅम तिने मिळवले होते. तिच्या आईच्या दुधाने मिळवून दिले होते. ते दोनशे ग्रॅम माझ्या डाव्या बाजूला जे नव्हते त्यात बुडाले.

तक्त्यात 'वेळेवर' लिहायची जागा तिने कोरी सोडली.

नवरा म्हणाला, "दवाखान्यात दाखवून आणू."

"नर्सबाईंसमोर कुठल्या तोंडाने जाऊ? त्या म्हणतील, आठ दिवस उपाशी ठेवलीत का पोरीला? भरू दे जरा. भरली की जाऊ."

लाजेची गोष्ट माणसे लपवतात. मला ते नवीन नव्हते.

दुपारी नणंद आली. तिला सगळे ताई म्हणतात. ताई मनाने वाईट नाही. पण तिची जीभ न तोलता माल देते. तिने टाचणीला उचलले, तक्ता वाचला आणि म्हणाली, "अगं, तुझं दूध पातळ असेल. असतं एकेकीचं. माझं बघ, माझा थोरला तर बालदी भरेल एवढं प्यायचा."

"बालदीत घातलं होतंस का त्याला?" दाराबाहेरून आजोबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका. ही बायकांची गोष्ट आहे."

आजोबा गप्प बसले. ते गप्प बसायला नको होते.

"डब्याचं दूध सुरू कर," ताई जाताना म्हणाली. "त्यात काय एवढं? पोर भरल्याशी कारण."

ताईचे हे म्हणणे चुकीचे नव्हते, मित्रांनो. डब्याच्या दुधाने कितीतरी मुले वाढली आहेत, तुमच्यापैकीही काही वाढली असतील. त्या डब्याचा ह्या गोष्टीत काही दोष नाही. दोष कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे.

नवीन आईला दिवसभर निर्णय घ्यावे लागतात, हे मला तिथे टांगून राहिल्यावर कळले. आधी डावीकडे की उजवीकडे? टोपडे घालू की नको? झोपलेल्या बाळाला दुधासाठी उठवू की झोपू देऊ? रडते आहे ती भूक की पोट? आपण आधी आंघोळ करावी की दोन घास खावेत? एवढेसे निर्णय, एकेक चुकेएवढे. पण चुकासुद्धा मूठभर झाल्या की वजन होते. पहिल्या आठवड्यात ती हे निर्णय हसत घेई. चुकले तर टाचणीलाच म्हणे, "मी नवीन आहे बाई, सांभाळून घे." दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक निर्णयाआधी ती माझ्याकडे बघू लागली.

डबा आला. पहिली बाटली तिने स्वतःच पाजली. ती भिंतीकडे तोंड करून बसली, त्यामुळे मला तिची पाठच दिसत होती. टाचणीने घटाघटा पिऊन बाटली संपवली.

"एवढं आवडलं?" ती हळूच म्हणाली. "बरं झालं. बरं झालं हं."

दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा तिचा आवाज नीट आला नाही.

*सोमवार ३. तीन किलो साडेचारशे.*

अडीचशे वाढली! नवऱ्याने टाळी वाजवली. फोनवर ताई म्हणाली, "बघ! मी काय सांगत होते?"

मित्रांनो, इथे माझे पाप दुप्पट झाले. पहिल्या सोमवारनंतर मी दरवेळी तेवढेच खोटे बोलत होतो, दोनशे कमी. खोटे तेच राहिले, म्हणून पुढची वाढ खरी दिसली. आणि मधल्या आठ दिवसांत एकच गोष्ट बदलली होती, तो डबा. म्हणजे माझ्या खोटेपणाला साक्षीदार मिळाला. आता तिला कुणी सांगायची गरज उरली नाही. तक्ताच सांगत होता: तुझ्या दुधावर शून्य, डब्यावर अडीचशे.

दोन बाटल्यांच्या चार झाल्या. टाचणी तिच्याकडे कमी पिऊ लागली. आणि जितके कमी प्यावे तितके दूधही कमी येते. काट्याचा नायटा होतो म्हणतात, तसे झाले. फक्त काटा माझा होता.

*सोमवार ४. तीन किलो सातशे.*

त्या दिवशी टाचणीला पारड्यातच उचकी लागली. उक्. माझा काटा उडाला. उक्. पुन्हा उडाला. तिची आई खुद्कन हसली. "अगंबाई, ही तर काटा नाचवते!" नवरा धावत आला. दोघे उचक्या मोजू लागले, बाहेरून आजोबांचाही आवाज त्यात मिसळला. सोळा झाल्या. सतराव्या उचकीला टाचणी स्वतःच दचकली आणि मग आईकडे बघून तोंड वाकडे करून हसली. पहिल्यांदा. पोटात वारा धरला म्हणून नव्हे, आईकडे बघून.

"हसली! अहो बाबा, हसली!"

"मग? माल कुणाच्या दुकानचा आहे!"

त्या घरात मला मिळालेला तो सर्वांत मोठा आनंद होता आणि तो मी खोटे वजन दाखवत असताना मिळाला. मला तो नीट घेता आला नाही. अजूनही येत नाही.

गुरुवारी सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "मी ठरवलंय. उद्यापासून बंद करते."

"काय बंद?"

"पाजणं. आता उरलंयच किती? ती चोखते, तिला मिळत नाही, ती चिडते, मी रडते. कशाला दोघींना छळायचं? जे माझ्यात नाही ते नाही."

"तुला तसं हवंय का?"

तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केले. "हवं नकोचा प्रश्न नाही. आकडे समोर आहेत."

मी समोर होतो. आकडे माझे होते. तो कामावर गेला. टाचणी पाळण्यात झोपली होती. ती भिंतीजवळ गेली, तिने तक्ता काढून त्याची घडी केली. आता वजन तरी कशाला करायचे, असे तिच्या मनात आले असावे. तिने माझ्या उजव्या पारड्यातले एक किलोचे माप काढले. मग दोन किलोचे. मग पाचशेचे, दोनशेचे. मग दोन्ही टॉवेल उचलले.

त्या दुर्दैवी रविवारनंतर मी पहिल्यांदा रिकामा झालो होतो.

मला बोलता येत नाही. पण रिकामा तराजू ही बोलायची एकच जागा मला असते. मी वाकडा झालो. जितका होता आले तितका. डावे पारडे वर, उजवे खाली, आणि काटा सरळ तिच्याकडे झुकलेला.

ती निघाली होती. दारात थांबली. वळली. तिने हुक बघितला. साखळी झटकली. उजव्या पारड्यात काही राहिले का, हात फिरवून पाहिले. काही नव्हते.

"बाबा!" तिने हाक मारली. "अहो बाबा, हा रिकामाच वाकडा का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या खोलीत आजोबा पहिल्यांदा आत आले. त्यांनी एक डोळा मिटला, काटा पाहिला आणि डाव्या पारड्याखाली हात घातला. हात तिथेच राहिला.

"पासंग कुठाय?"

"काय कुठाय?"

"चिंधी. काळी पुरचुंडी. इथं बांधलेली होती."

तिने पारड्याखाली वाकून पाहिले. "ते उंदराचं... ते ह्याने कापलं. मीच म्हणाले, काढ ते आधी."

"कधी?"

"दुसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी."

आजोबा पलंगाच्या कडेवर बसले. "दोनशे ग्रॅम होतं गं ते. दोनशे ग्रॅम चुका. त्याच्यावाचून हा खोटा. मी चाळीस वर्षं लपवून ठेवलं, लोक चोर म्हणतील म्हणून. आणि चोरी झाली ती माझ्याच नातीची."

तिने घडी केलेला तक्ता उघडला. पेन्सिल घेतली. बसची वेळ दुरुस्त करावी तशी एकेका ओळीत दोनशे मिळवू लागली.

*सोमवार २. तीन किलो चारशे.*

तिथे पेन्सिल थांबली. दोनशे ग्रॅम. नुसत्या तिच्या दुधाचे.

"म्हणजे ती वाढत होती," ती म्हणाली. "माझ्यावर वाढत होती."

"वाढत होती, पोरी."

मग ती हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. मला फक्त कमी-जास्त कळते आणि ते दोन्ही सारखेच होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे माफी अजून फुकट मिळते का?"

"मीच मागायला आलोय," आजोबा म्हणाले. "शिल्लक असेल तर दे."

संध्याकाळी नवरा आला, तेव्हा तिने त्याच्या हातात कात्री ठेवली. "घे. अजून घरात काय कापायचं राहिलंय का, बघ." सगळे कळल्यावर तो जिन्याखाली धावला, डबा उलटा केला आणि खिळ्यांत हात खुपसून पुरचुंडी शोधून आणली. धुवायला निघाला होता. ती ओरडली, "धुवू नकोस!" त्याने ती होती तशीच, काळीच, पारड्याखाली बांधली. आजोबांनी दोऱ्याला दोन गाठी मारल्या. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको टाचणीला नर्सबाईंकडेही घेऊन गेले. तिथला आकडा आणि माझा आकडा एकच निघाला.

इथे गोष्ट गोड करून संपवायचा मोह होतो. पण मी तराजू आहे. जे होते ते सांगतो. तिचे दूध एका दिवसात परतले नाही. तिला पुष्कळ दिवस टाचणीला सारखे सारखे जवळ घ्यावे लागले. बहुतेक परतले, सगळे नाही. एक बाटली शेवटपर्यंत राहिली. ती नवरा पाजायचा, आणि त्या वेळात ती झोपायची. ह्या वेळी ते तिने स्वतः ठरवले होते. माझ्याकडे बघून नव्हे.

पण सतरा दिवस गेले ते गेले. पहिली बाटली पाजताना ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, ती सकाळ मला कोणत्याच पारड्यात घालून फेडता येत नाही.

टाचणी आता सात वर्षांची आहे. मी जिन्याजवळच्या खिडकीत टांगलेला असतो. ती माझ्यात रंगपेट्या तोलते, बूट तोलते, एकदा मांजर तोलायला गेली आणि ओरखडे घेऊन आली. पण काहीही घालायच्या आधी मला रिकामा करते, एक डोळा मिटते आणि आजोबांच्या आवाजात म्हणते, "आधी रिकामा काटा."

मित्रांनो, मला तेल लावा, मला पुसा, असे मी म्हणणार नाही. पुसण्याचे काय होते ते तुम्ही ऐकलेत. माझे मागणे निराळे आहे. कुणी कुणाला 'ही कमी पडते' असे म्हणाले, तर ऐकण्याआधी त्याचा तराजू रिकामा करून बघा. कदाचित तोच वाकडा असेल. आणि तुमचे उणे भरून काढायला कुणी तुम्हाला एखादी चिंधी बांधली असेल, तर तिची लाज बाळगू नका. ती उघड्यावर असू द्या, म्हणजे कुणी घाण समजून कापणार नाही.

परवा टाचणीने माझ्या पारड्याखाली बोट घातले. "आई, ह्या पुरचुंडीत काय आहे गं?"

"चुका."

"कुणाच्या?"

तिची आई हातातले काम थांबवून विचारात पडली. "थोड्या बाबाच्या. थोड्या आजोबांच्या. थोड्या माझ्या."

"आणि ह्याच्या?" टाचणीने माझ्या दांडीवर टकटक केले.

"ह्याच्या नाहीत गं. ह्याला बिचाऱ्याला बोलता कुठे येतं?"

तिने मला माफ केले होते, आणि तेही फुकट. माझा काटा हलला नाही. पण त्या रविवारी मला झालेला आनंद तिला ठाऊक नाही. तो फक्त तुम्हाला सांगितला आहे, मित्रांनो. त्याचे वजन तुम्ही करा.

फक्त आधी रिकामा काटा बघा.